फक्कीतली मोकळी जागा

हे मी घरात कधी बोललो नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. आजच का सांगतोय, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं एक गाव. गावाला बाग हवी होती. झोपाळा, घसरगुंडी, चार बाकं, आणि भोवती दगडी भिंत. मी ओव्हरसियर, आखणी माझ्याकडे. बागेच्या जागेतून बौद्ध वस्तीची नदीवर जायची पायवाट होती. बायका तिथूनच पाणी आणत. सरपंच एकदाच म्हणाले, "बागंतनं रहदारी नको." एवढंच. ना धमकी, ना दम. मग मी कशाला घाबरलो? वाद नको होता—ना सरपंचांशी, ना वस्तीशी.

आखणीच्या दिवशी गडी जमिनीवर फक्की मारत होता. चुन्याची पांढरी रेघ वाटेपाशी आली आणि वस्तीतले भिवाआबा समोर येऊन उभे राहिले. वस्तीनं सगळं त्यांच्यावर सोपवलेलं.

"सायेब, वाट ऱ्हाईल न्हवं?"

मी गड्याला थांबवलं. चार हात जागा मोकळी सोडून रेघ पलीकडून पुढे न्यायला लावली. इथं फाटक येईल, म्हणालो. आबा त्या मोकळ्या जागेतून एकदा चालत जाऊन आले. मग त्यांनी नकाशावर सही केली. अंगठा नाही, सही—प्रौढांच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर जपून काढलेली.

नकाशावर ती रेघ सलग होती. मीच काढली होती, आदल्या दिवशी. आबांना अक्षरं वाचता येत, नकाशा नाही. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं—म्हणून तर फक्कीत जागा सोडली.

फक्की चार दिवसांत उडाली. भिंत नकाशाबरहुकूम झाली. बायका हंडे घेऊन लांबचा वळसा घालू लागल्या. तक्रार घेऊन गेलेल्या वस्तीला सरपंचांनी आबांची सही दाखवली. त्यानंतर आबांच्या ओट्यावर कुणी बसेना.

एकदा ते माझ्या कचेरीत आले. वाटलं, आता गचांडी धरतील. धरायला हवी होती. पण ते म्हणाले, "तुमी तर वाट सोडली व्हती, सायेब. म्याच कागूद नीट बघितला न्हाई. माजंच चुकलं का?"

तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हणालो, "कागद बघून सही करायची असते, आबा."

"व्हय," म्हणाले, आणि गेले.

वर्षभरात आबा वारले. मी त्या दिवशी बागेतच होतो, झोपाळ्याच्या कड्या तपासत. त्यांना नदीवर न्यायचं होतं. भिंतीच्या कडेकडेनं माणसं वळसा घालून चालली होती, त्यांची पावलं मला ऐकू येत होती. मी कड्या तपासत राहिलो.