उसाचे तुरे आणि मार्थाबाईंची नजर

मार्थाबाई भोरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून शिकून मी नुकतीच तिथे इंग्रजी शिकवायला रुजू झाले होते आणि माझे नाक बरेच वर होते. खिडकीत शाईच्या रिकाम्या बाटलीत गवताच्या काही काड्या खोचून ठेवलेल्या दिसल्या.

"हा कचरा कुणी ठेवला?" मी विचारले.

कोपऱ्यात शिवणाच्या बाई काजे करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी. फेकायचाय का?"

"गवत आहे हे."

"हो. पण तुम्ही बघितलंत का त्याच्याकडे? मला वाटतं, नुसतं दिसलं तुम्हाला."

रागारागाने मी बघितले. उन्हात त्या काड्यांच्या टोकांना तांबूस, रेशमासारखे केस होते. कॉन्व्हेंटच्या वर्गातून मला अख्खे खोरे दिसायचे. हातभर अंतरावरचे काही पाहायला मात्र तोवर कुणी सांगितले नव्हते. बाटली राहिली आणि आमची मैत्रीही राहिली.

त्या मार्थाबाई या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. आमच्या चर्चच्या मंडळीने नेमलेल्या गौरवग्रंथ समितीने माझ्याकडे लेख मागितला आणि सोबत सूचना केली, "आजारपणाचा उल्लेख टाळावा, प्रसंग आनंदाचा आहे." मी जन्मभर इतरांचे निबंध तपासले. माझा निबंध लिहिण्याआधीच कुणी तपासलेला मला चालत नाही. तरी मी मार्थाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही की. झाकून ठेवला म्हणून डोळा बरा होणार आहे का?"

म्हणून लिहिते. मार्थाबाईंची नजर जात आहे. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, आणि उजव्यावर येत्या सोमवारी मिरजेला शस्त्रक्रिया आहे. गेलेले परत येणार नाही. उरलेले टिकावे म्हणून ती करायची. त्यात उरलेलेही जाण्याचा थोडा धोका आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हा लेख मी भीत भीत लिहीत आहे. वाचणाऱ्यांनीही तो तसाच वाचावा.

त्या डोळ्यांनी काय काय केले, ते आधी सांगते. शाळेत कवठे महांकाळकडची एक मुलगी वसतिगृहात राहत होती. तिचा स्कर्ट तारेला अडकून फाटला. ठिगळ लावायला सांगून कुणीही मोकळे झाले असते. मार्थाबाईंनी त्या फाटीवर हिरव्या दोऱ्याने पिंपळाचे पान भरले, अगदी देठासकट. मुलगी दिवसभर ते पान पुढे करून चालत होती. पुढच्या आठवड्यात वसतिगृहातले स्कर्ट एकामागून एक फाटू लागले.

"भोरेबाई, या मुली मुद्दाम फाडतायत!" मुख्याध्यापिका कडाडल्या.

"हो बाई," मार्थाबाई शांतपणे म्हणाल्या, "पण फाडताना पानाची जागा बघून फाडतायत. शिकल्या काहीतरी."

मला एकदा टायफॉइड झाला. माझ्या भाड्याच्या खोलीत मार्थाबाई रोज पेज घेऊन येत. पेज स्टीलच्या वाटीत, वाटी ताटलीत, ताटलीवर घडी घातलेला रुमाल आणि त्यावर एक लिंबाचे पान. मी चिडून म्हटले, "मला धड गिळता येत नाही, आणि तुम्ही ताट कसलं सजवताय?" त्या म्हणाल्या, "गिळता येत नाही म्हणूनच. डोळ्यांना तरी जेवू दे." धर्माविषयी त्या फार बोलत नाहीत. घासलेले पातेले उन्हात उपडे घालताना क्षणभर थांबतात, त्याच्या बुडावर सरकणारा उजेड पाहतात आणि पुटपुटतात. ती प्रार्थना आहे, हे कळायला मला काही वर्षे लागली.

निवृत्तीनंतर आम्ही दोघी सांगलीला शेजारीशेजारी राहायला आलो. तिथल्या आमच्या चर्चमध्ये दर शनिवारी वेदीवर फुले मांडण्याचे काम मार्थाबाईंकडे आले. बाजारातला ग्लॅडिओलस त्यांना नको असतो. बाभळीची फुले, शेवग्याचा मोहर, कोथिंबिरीला आलेली पांढरी फुले असे काहीबाही त्या मांडतात आणि रविवारी लोक वाकून पाहतात. नाताळला मात्र दरवर्षी उसाचे तुरे. पलूसच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक सुभेदार आहेत, फौजेतून परतून ऊस करतात. त्यांच्या शेतावर आम्ही दोघी तुरे आणायला जातो. पहिल्या वर्षी ते कमरेवर हात ठेवून बघतच राहिले.

"आवं बाई, उसाला तुरा आला की आमच्या पोटात गोळा येतो. वजन घटतं, साखर घटती. आन् तुमी त्येलाच देवाफुडं ठेवणार व्हय?"

"सुभेदार, तुम्ही वजन बघा, मी तुरा बघते. देव दोन्ही बघेल."

"मग न्या, समदं न्या. आमच्या डोळ्यांफुडनं तरी जाईल!"

मार्थाबाई तिथल्या बांधावर उभ्या राहून सांगत, "सकाळी वेगळा रंग, दुपारी वेगळा. ऊन कललं की तिसराच." मी म्हणे, "चला, एसटी जाईल."

आता यंदाचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्याकडे वेदीवर काळे कापड असते आणि फूल एकही नसते. कापडे बदलणे हेही मार्थाबाईंचेच काम. दुपारी आम्ही उपासनेला बसलो, आणि वेदीवर गडद हिरवे कापड! हिरवे म्हणजे पावसाळ्यातल्या साध्यासुध्या रविवारांचे. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. "आता झेपत नाही त्यांना," कुणीतरी म्हणाले. मी मागे वळून असे पाहिले, की खुसखुस थांबली. तव्याचा काळा आणि कावळ्याचा काळा यांतला फरक सांगणाऱ्या मार्थाबाईंनी हिरव्याला काळे समजून वेदीवर अंथरले होते.

उपासना संपल्यावर मी त्यांना थांबवले. "मार्थाबाई, कापड."

"का? सुरकुत्या राहिल्यात?"

"हिरवं आहे."

त्या वेदीपाशी गेल्या, अगदी नाक लागेल इतक्या जवळ वाकल्या. मग कडेवरून बोटे फिरवली. हिरव्या कापडाच्या काठावर द्राक्षवेल भरलेली आहे, त्यांनीच भरलेली. "माझीच वेल, आयरीन," त्या म्हणाल्या. "बोटांना तरी कळायला हवं होतं." आणि पहिल्या बाकावर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दिवशी मी मार्थाबाईंना प्रथम घाबरलेले पाहिले. तेव्हापासून माझी भीती काही गेलेली नाही. थेंब झाले, गोळ्या झाल्या. दर तपासणीला मी बाहेरच्या बाकड्यावर बसते आणि दार उघडले की डॉक्टरांच्या आधी मार्थाबाईंच्या तोंडाकडे पाहते.

उन्हाळ्यात एका दुपारी त्या म्हणाल्या, "डोळे गेले तर चाचपडत का होईना, जगेन. पण रंग विसरले तर, आयरीन? पिवळा म्हणजे काय तेच आठवेनासं झालं तर?"

आणि त्यांनी मला कामाला लावले. रोज दुपारी माझी परीक्षा.

"कुंपणाशी काय आहे ते सांग."

"कण्हेर फुललीय."

"रंग?"

"पिवळा."

"कुठला पिवळा?"

"पिवळा म्हणजे पिवळा! मी काय रंगाच्या दुकानात बसते?"

"हळदीचा, फोडणीच्या तेलाचा, की पिकल्या लिंबाचा?"

मी उठून कुंपणापर्यंत गेले. "लिंबाचा," मी म्हटले. "पण देठाशी जरा हिरवट."

"हां! जन्मभर इंग्रजी शिकवलंस, आता कुठे बोलायला लागलीस."

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता त्या चहा ओतत होत्या आणि कपात आतल्या कडेला त्यांनी बोट धरले होते. चहा कुठवर आला ते बोटाला कळावे म्हणून. चहा उकळता होता. बोट जागचे हलले नाही. मी कण्हेरीकडे तोंड केले आणि बराच वेळ तिचा रंग पाहत राहिले.

समितीच्या मनात काय आहे, ते मला ठाऊक आहे. ग्रंथ द्यायचा, शाल द्यायची आणि फुलांचे काम काढून घ्यायचे. एका सदस्यांनी प्लास्टिकची फुले सुचवली आहेत. धुता येतात म्हणे. शाल जरूर द्या, सांगलीत डिसेंबरात थंडी असते. पण शनिवार मार्थाबाईंचाच राहील. दिसले तर त्या मांडतील. नाही दिसले तर मी रंग सांगेन आणि त्या मांडतील. प्लास्टिकची फुले घेऊन कुणी आलेच, तर दारात मी आहे.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंततात. मार्थाबाईंचे गुडघे धड आहेत, छाती धड आहे, आवाजाचे तर बोलायलाच नको. वर्षे त्यांना मिळतील. त्या सगळ्या वर्षांत उपड्या पातेल्यावर सरकणारे ऊन त्यांना दिसत राहो, एवढे मी मागते.

काल सुभेदार स्वतः एसटीने आले. यंदा आम्ही शेतावर गेलो नाही, म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून तुरे घेऊन आले. मार्थाबाई नुसत्या रक्ततपासणीला गेल्या होत्या, म्हणून मी नव्हते, त्यांची भाची होती बरोबर. पोते माझ्या हातात देत सुभेदार म्हणाले, "औंदा लय तुरा आलाय. शिव्या घालत हुतो बांधावर हुबा ऱ्हाऊन. मग बाईंची याद आली आन् शिवी तोंडातच ऱ्हायली. बघत्याल न्हवं त्या?"

"बघतील," मी म्हटले. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

तुरे मी माझ्या घरी, मेजावर उंच बरणीत ठेवले आहेत. पट्टी निघून मार्थाबाई घरी आल्या की बरणी त्यांच्यासमोर ठेवीन. रंग इथे लिहीत नाही, त्यांनाही सांगणार नाही. फक्त विचारीन, "कुठला रंग, मार्थाबाई?" उत्तर आले नाही, तर काय सांगायचे ते मी कालपासून तुऱ्यांसमोर बसून जुळवते आहे, सकाळचे वेगळे आणि दुपारचे वेगळे. ते सगळे वाया जावो, ही माझी प्रार्थना.