कापसाच्या दाढीचा सत्कार

आमच्या शेवगाव भागात कुठल्याही जातीला एकटीनं धड भांडतासुद्धा येत नाही, इतके आम्ही एकमेकांत गुंतलेले. विहिरीचा दगड वडारानं फोडलेला, लग्नातली गादी पिंजाऱ्यानं भरलेली, वरातीचा बँड मुसलमानांचा, आणि नवरा-नवरी दोघांनाही बाराखडी शिकवलेली ख्रिस्ती गुरुजींनी. याला कुणी कधी योगदान म्हटलं नव्हतं. मग गावात एक समिती निघाली आणि तिला हा शब्द सापडला. माकडाला आरसा सापडावा तसा.

समितीनं विविधता महोत्सव काढला. समितीचे अध्यक्ष असे, की त्यांचं पोट बैठकीला आदल्या दिवशी पोचतं आणि ते स्वतः दुसऱ्या दिवशी. त्यांनी फर्मान काढलं, प्रत्येक समाजानं आपापल्या वेशात मंचावर यायचं.

गुरुजी आता निवृत्त. नाताळात चर्चपुढं धोतर, फेटा, चिपळ्या अशा थाटात कीर्तन करायचे. पणजोबापासून चालत आलेलं. मृदंगावर पाटलांचा थोरला, टाळाला मी. पण चर्चमधली नवी पोरं गिटारीला लागली होती. गुरुजींनंतर कीर्तनाला कुणी नव्हतं. एकदा तरी गावाच्या मंचावरून ते ‘ख्रिस्ती कीर्तन’ म्हणून पुकारलं जावं, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

अध्यक्ष म्हणाले, “कीर्तन नगं गुरुजी, कीर्तन आमच्याकडं लई हाय. तुमी लाल कपडे घाला, कापसाची दाढी लावा. ख्रिश्चन कोन ते पाहुन्यांना कळाया नगं?”

“माझ्या बापाला दाढी नव्हती, आज्याला नव्हती. मी कापसाची कुठून उगवू?”

“कापूस तर आपल्याच तालुक्याचं पीक हाय की!”

गुरुजी बधले नाहीत. तेव्हा अध्यक्षांनी लाल कपड्यात आपला भाचा कोंबला, आणि पाहुणे येईपर्यंतचा रिकामा वेळ भरायला गुरुजींना मंच दिला. नाव न पुकारता.

गुरुजी उभे राहिले. मृदंगाची थाप अशी पडली की शेजारच्या तालुक्यातल्या म्हशींनी पान्हा सोडला. हरवलेल्या मेंढराचं आख्यान होतं. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाला शोधायला निघाला, इथवर आलं आणि पुढं बसलेला धनगर ओरडला, “अवो गुरुजी, नव्व्यान्नव कुनाच्या जिवावर सोडली?”

“कुत्री होती की दोन! बायबल लिहिणारा शहरातला, त्याला काय ठाऊक?”

धनगरानं समाधानानं मान हलवली. असला खुलासा जगातल्या एकाही धर्मपंडिताला सुचला नसता, पैज लावतो.

तेवढ्यात पाहुणे आले. मोठे साहेब, कानाला मोबाईल. मंचावर चढले, फेटा पाहिला, चिपळ्या पाहिल्या आणि कीर्तन मध्येच तोडून गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. “महाराज, तुमच्यामुळं आपली संस्कृती टिकली!” मग माईकवर गरजले, “आता ख्रिश्चन बांधव कुठं आहेत? त्यांच्या योगदानाचा सत्कार करू.”

भाचा पुढं आला. घामानं दाढी गळ्यात उतरलेली. साहेबांनी त्याला शाल पांघरली, नारळ दिला, आणि शिक्षणक्षेत्रातल्या सेवेबद्दल त्याचे आभार मानले. हा पठ्ठ्या नववीत तीनदा बसलेला.

गुरुजींनी माईक ओढला. “साहेब, ख्रिस्ती मी.”

साहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पण तुम्ही तर... धोतर नेसलाय!”

“मग काय, उघडा येऊ?”

मांडव असा हसला की चार खांब तिरके झाले. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. घामासाठी पुसलं की मघाशी ते पायाला लागलं होतं म्हणून, हे मी सांगत नाही. विद्वान माणसाच्या मनात काय असेल सांगवत नाही.

अध्यक्ष कुजबुजले, “गुरुजी, शाल एकच आनली हुती वो.”

“राहू दे पोराच्या अंगावर. नाव तेवढं पुकार.”

अध्यक्षांनी माईक धरला. “आत्ता झालेलं कीर्तन... ख्रिस्ती समाजाचं हुतं.”

“झालेलं?” गुरुजींनी चिपळ्या उचलल्या. “अरे, संपलंय कुठं अजून? साहेब, बाजूला व्हा, मृदंगवाला दिसत नाही.”