बादलीतला स्पंज

आमच्या कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलेल्या माणसाला सगळे मामाच म्हणत. मी तिथे शिकवायचे, म्हणून मी त्यांची बाई. निवृत्तीनंतर आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो, तरी जिन्यात मी दिसले की हे भिंतीला चिकटून उभे. मला वैताग यायचा. "अहो मामा, मी काय तोंडी परीक्षा घ्यायला आलेय?" म्हटलं तर हसायचे, आणि तसेच उभे राहायचे.

काचेच्या बाबतीत मात्र मी त्यांना जन्मभर पिडलं. फ्लास्कवर डाग दिसला की अख्खा ट्रे परत. ते वाद घालत नसत. "बरं बाई," म्हणून पुन्हा घासायला बसत. कधीकधी चूक माझीच असे, डाग काचेतच असे. तेव्हाही "बरं बाई."

मामी गेल्या, तेव्हा मागे एक काचेची टाकी आणि दोन गोल्डफिश राहिल्या. थोरली आणि धाकटी. नावं मामींनीच ठेवलेली. मामा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे. "थोरलीचं आज काहीतरी बिनसलंय," असं मला जिन्यात सांगायचे. "मासा आहे तो, मामा, नणंद नव्हे," मी म्हणायचे. पण घरात बोलायला दुसरं होतं कोण?

यंदा त्यांना जिना चढवेना, तेव्हा लेकीने आपल्याकडे न्यायचं ठरवलं. गाडीने सात तासांचा रस्ता. मामांची अट एकच, दोघी बरोबर येणार.

"बाबा, तिकडे नव्या मिळतील की!"

"मग नवा बापही मिळेल तिकडे," मामा म्हणाले. इतकं तिखट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तयारी एखाद्या प्रयोगासारखी चालली होती. वाटेत पाणी घाण होऊ नये म्हणून दोन दिवस माशांना उपास. एकात एक घातलेल्या जाड पिशव्या, तिसरा हिस्सा पाणी आणि बाकी हवा. धाकटी कोपऱ्यात अडकेल म्हणून पिशव्यांचे कोपरे रबराने बांधलेले. वर थर्माकोलचा झाकणवाला खोका, कारण अंधारात मासे शांत राहतात.

निघायच्या सकाळी मी मदतीला गेले. मागितली नव्हती कोणी. मामा बाहेर पिशव्या बांधत होते. मोरीपाशी एक बादली होती, गढूळ पाण्याने भरलेली, आणि त्यात टाकीच्या फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंज. लेकीच्या नव्याकोऱ्या घरात हे लक्तर जाणार? मी पाणी ओतून दिलं, स्पंज साबण लावून खसाखसा घासला, नळाखाली तीनदा पिळला आणि बाहेर नेऊन दाखवला. पिवळाधमक.

मामांनी स्पंजकडे पाहिलं. रबर त्यांच्या बोटांत ताणलेलंच राहिलं.

"झाला की नाही स्वच्छ?"

"बरं बाई," ते म्हणाले. मग रबर पिशवीला गुंडाळत, "झाला."

संध्याकाळी फोन आला. "पोचल्या, बाई, दोघी! पिशव्या आधी टाकीत तरंगत ठेवल्या, मग हळूच सोडल्या. धाकटी तर लगेच गिरक्या घ्यायला लागली."

चौथ्या दिवशी आवाज बदललेला. "पाणी तपासलं, अमोनिया दिसतोय, बाई."

"कुठून आला?" मी सवयीने खेकसले.

"माशांचाच असतो. येतो."

"मग इथे इतकी वर्षं कसा आला नाही?"

आणि फोन कानाला असतानाच माझ्या डोळ्यांसमोर ती बादली आली. माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजच्या त्या बुळबुळीत थरातच राहतात. पुन्हा वाढायला त्यांना महिना-दीड महिना लागतो. मी ते दोन मिनिटांत साबणाने धुऊन काढले होते.

"मामा, तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही धुतला होता ना, बाई."

ते रोज थोडं पाणी बदलत राहिले, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे खडे टाकत राहिले. दुकानदाराकडे वापरातला जुना स्पंज मागितला, त्याने नवा दिला. थोरली वर येऊन तोंड उघडत राहिली आणि नवव्या दिवशी गेली. धाकटी त्यानंतर दोन दिवस काढून गेली. लेकीला वाटलं, वय झालं होतं माशांचं. मी म्हटलं, तिला खरं काय ते मी सांगते.

"नको बाई. तुमचं नाव कशाला."

आता मामा जेमतेम जेवतात, असं लेक सांगते. फोन मीच करते. परवा विचारलं, टाकी दिली का कुणाला?

"नाही. बाल्कनीत आहे. रोज घासतो."

"रिकामी टाकी? कशाला?"

"डाग राहायला नको, बाई."