सुई तिलेच लावू द्या

डायलिसिसला आल्याबरोबर काका डाव्या हाताची बाही वर सरकवायचे आणि हात माझ्यापुढे धरायचे. "पाह्य पोट्टे, मशीन चालू हाय का?"

डायलिसिससाठी ऑपरेशन करून जाड केलेली शीर माझ्या बोटांखाली घरघरायची. "चालू आहे काका." मग ते खुर्चीत बसत, नोकरीत असताना शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात क्रेनवर चढत असतील तसे, ऐटीत.

तुमच्यापैकी कुणी डायलिसिसच्या खोलीत आपल्या माणसासोबत बसलं असेल तर ठाऊक असेल. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि दर वेळी दोन जाड सुया. ती शीर बिघडली की माणसाचं सगळंच अडतं.

मी नवीन टेक्निशियन होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण डिग्रीनं हात स्थिर होत नाही. पहिल्याच महिन्यात माझी सुई काकांच्या शिरेच्या आरपार गेली. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. मी स्टोअरमध्ये जाऊन रडले आणि नोकरी सोडायचं ठरवलं.

दोन दिवसांनी ते आले तेव्हा इन्चार्ज सर स्वतः पुढे झाले. "अंकल, आज मैं लगाता हूँ."

"तुम्ही नोका. तिलेच लावू द्या."

"काका, माझ्यानं नाही होणार."

"काहून? सुजला माझा हात. तुह्या हाताले काय झालं?"

शेजारच्या खुर्चीतली मावशी खुदकन हसली.

निळा भाग सोडून मी वरची जागा शोधली. तेवढ्यात दिसलं, उजव्या मुठीत त्यांनी चादर गच्च पिळली होती.

"भीती वाटते काका?"

"वाटते नं. तू तिकडं नोको पाहू. शीर पाह्य."

सुई नीट लागली. पुढची तीन वर्षं तो हात माझ्याकडेच होता.

यंदा उन्हाळ्यात काका घरीच वारले, झोपेत. मी काकूंना भेटायला गेले. काकूंनी पाणी दिलं, मला निरखून पाहिलं.

"तूच का ती? सुई चुकली होती तेव्हा घरी आले का हात उशीवर ठेवून बसत. बर्फ लावून लावून मी थकली. अंगातला शर्ट काढता येत नोता त्यायले."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुले काहून सांगतीन? मी म्हणलं, दुसऱ्याकडून लावून घ्या. तं माह्यावरच चिडले. म्हणे, चूप बैस, पोट्टी अजून शिकून राहिली."