उजवा अंगठा

शाईच्या पॅडचा वास आला की अमरावतीची आमची बैठक आठवते. मी दहा वर्षांची होते, वडील वकील. मोहफुलं वेचताना जंगलाच्या नाकेदारानं मारलं, अशी तक्रार घेऊन मेळघाटातली एक कोरकू बाई आली होती. वडिलांच्या मुनशींनी अर्ज लिहिल्यावर तिनं डावा अंगठा पुढे केला. "बाईचा उजवाच लागते," मुनशी म्हणाले. तिनं पदराखालून उजवा हात काढला, तर अंगठा बुटाखाली चेचून काळानिळा झालेला, नख गेलेलं. तिनं तोच शाईत भिजवून कागदावर टेकवला. वडिलांनी कागद उजेडात धरला. "उमटला नाही बरोबर. पुन्हा दाब, बाई," ते शांतपणे म्हणाले, आणि तिनं दाबला. वडिलांनी जन्मात कुणावर हात उचलला नाही, असं लोक अजून सांगतात. माझी नजर माझ्या उजव्या अंगठ्याकडे जाते.