सतरंजीची कड

माझी टाच सतरंजीच्या कडेला लागली आणि तिच्यावरचे सगळे साधक झटकन बाजूला झाले.

तेरच्या बाहेर, तेरणेच्या काठच्या मठात चातुर्मासात स्वामी योगाचा वर्ग घ्यायचे. इतर साधकांनी तिथंच राहायचं, मी घरून यायचो. त्या सकाळी शीर्षासन होतं. नवशिक्याचे पाय दुसऱ्यानं धरायचे, तोल सापडेपर्यंत, अशी रीत. सगळ्यांच्या जोड्या लागल्या. महारवाड्यातला मी एकटा. माझे पाय कोण धरणार? भिंतीला टेकावं तर भिंत मठाची. म्हणून लांब, उघड्या मातीत डोकं टेकलं, पाय वर केले आणि कलंडलो. अंतर ठेवलं होतं, पण पडलेला माणूस किती जागा खातो याचा अंदाज चुकला.

मान लचकली होती. लागलं का, असं कुणी विचारलं नाही. सतरंजी एकच. त्यामुळं तिच्यावरचे सगळे एकदम बाटले.

साधकांतलेच गावचे पाटील स्वामींना म्हणाले, "म्या पयलंच सांगत व्हतो महाराज. असल्यांना कशापायी घेता?"

सगळे नदीवर आंघोळीला गेले. मी मान धरून मातीतच बसलो.

मला मोक्ष नको होता. श्वास हवा होता. लहानपणापासूनचा दमा. हकीमसाहेबांनी काढे दिले, धुरी दिली. शेवटी माझी नाडी धरून म्हणाले, "बेटा, साँस को सँभालना सीख." म्हणून मठात आलो. स्वामी म्हणाले होते, "योगाला जात नसते. ये." हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागं.

इतरांची पाठ स्वामी हातानं सरळ करायचे, माझी काठीच्या टोकानं. प्राणायामात प्रत्येकाच्या पोटावर हात ठेवून श्वास तपासायचे. माझा श्वास लांबूनच बरोबर. प्रवचनात सांगायचे, सर्वांभूती एकच आत्मा. मी ओट्याखाली बसून मान डोलवायचो. खरंच पटायचं मला. आज त्याची चीड येते.

ओल्या अंगानं स्वामी परत आले. आवाज मऊ होता.

"तुझा दोष नाही. आत्मा शुद्धच आहे. देहाचे नियम मात्र पाळावे लागतात. उद्यापासून कुंपणाबाहेर बसून बघ. आणि ही सतरंजी घेऊन जा. आता आमच्या उपयोगाची नाही."

"घे की," पाटील म्हणाले. "लई चांगली हाय."

चांगलीच होती. माझी आई गोणपाटावर निजायची. माझा हात पुढं झालासुद्धा. सवयीचा हात तो. मग मला तो दिसला, माझाच हात, आणि शिसारी आली.

"न्हाय महाराज," मी म्हणालो. "सतरंजी नको. आन कुंपणाबाहीरचं शिकणं बी नको."

"माज आला व्हय रं?" पाटलांनी विचारलं.

माज कसला? मान धरून घराकडं निघालो. वाटेतच दमा चढला. बाभळीखाली बसलो. हवा आत जाईना. रडावं तर रडायलाही दम लागतो. राज्य निजामाचं, गाव पाटलाचं, आत्मा स्वामींचा. माझं काही चालत नव्हतं कुठंच.

दमा गेला नाही. पुढं एका रात्री आई म्हणाली, "जा रं लेका, पाया पड महाराजांच्या. जीव तरी वाचंल." मी गेलो नाही. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं.

छाती अजून भरते. भरू दे. जो मला शिवत नाही, त्याच्याकडून मी श्वाससुद्धा शिकणार नाही. माझी पोरंही शिकणार नाहीत.