तिसऱ्या कडव्याची तिसरी ओळ

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला नऊ दिवस उरले असताना सावनेरहून मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. मुलीच्या लग्नात मंगलाष्टके आपण स्वतः म्हणायची, असे तिने ठरवले होते. आडवा येत होता तिच्या सासरचा रिवाज. त्या घरात मंगलाष्टके सुरू झाली की नवरीची आई मांडवातून उठते आणि अक्षता संपेपर्यंत तुळशीला पाणी घालत राहते. मुलीचे लग्न तिने डोळ्यांनी पाहायचे नसते. असे का, हे त्या घरात कोणालाही सांगता येत नाही आणि त्यामुळेच ते मोडताही येत नाही.

मावशीने बरीच घासाघीस केल्यावर तिच्या थोरल्या नणंदेने एक अट घातली होती. ती मावशीने मला जशीच्या तशी ऐकवली. ‘‘तीनही कडवी पुरी असतील तर गा म्हणे. अर्धं गाऊन पाहुण्यात हसू नको करू. नाही तर मंगलाष्टकांचा पेनड्राइव्ह हाय, तो लावू. तू आपली तुळशीपाशी जा.’’

अडचण अशी की तिच्याकडे दोनच कडवी होती. आईच्या लग्नात तिने स्वतः रचलेली तीन कडवी म्हटली होती. ती वही मागे कधीतरी घराच्या रंगकामात रद्दीत गेली. पहिली दोन तिला पाठ होती, तिसऱ्याच्या सुरुवातीच्या ओळी अंधूक आठवत होत्या आणि तिसरी ओळ अजिबात नाही.

‘‘तिसरंच तर भारी होतं वं पोरी,’’ ती म्हणाली. ‘‘ते आयकून तुह्या बाबाच्या मामाचे डोळे भरून आले होते. तुह्या आईपाशी कॅसेट असन पाय. त्यातून काढून देतं का मले?’’

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आहे आणि संशोधनासाठी अर्ज करत असते. कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवणे हे मला संध्याकाळभराचे काम वाटले. ‘‘परवा देते,’’ असे मी सांगून टाकले.

लग्नाची ती व्हिडिओ कॅसेट कपाटात साड्यांच्या खाली होती. ती चालवण्याचे यंत्र माळ्यावर होते आणि ते चालू स्थितीत होते, याचे श्रेय बाबांना. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतात; घरातली कुठलीही वस्तू ते मरू देत नाहीत. आमच्या नव्या टीव्हीला जुन्या तीनरंगी वायरींची भोकेच नाहीत, म्हणून मी सदर बाजारातल्या एका दुकानातून चित्र संगणकात उतरवणारी छोटी डबी आणली. डबीने चित्र घेतले, आवाज घेतला नाही. तेव्हा आवाजाची वायर वेगळी काढून मी संगणकाच्या पुढच्या बाजूच्या गुलाबी भोकात खोचली आणि रेकॉर्डिंग सुरू केले.

चित्र उत्तम आले. आई अंतरपाटाच्या अलीकडे मान खाली घालून उभी होती, आणि बाजूला हिरव्या साडीतली तरुण मावशी माइक हातात धरून तोंड उघडत होती. त्या तोंडातून जो आवाज येत होता तो मात्र पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा होता. सूर चढला की खडे वाढत, उतरला की कमी होत. ‘सावधान’ एवढा एकच शब्द कळत होता, आणि तो कळायला कॅसेटची गरज नव्हती.

मी पद्धतशीर वागले, असे तेव्हा मला वाटत होते. एका कागदावर संभाव्य कारणे लिहिली. कॅसेटला बुरशी लागली असेल. बाबांनी यंत्र उघडून आवाज वाचणारा भाग स्पिरिटने पुसून दिला. फरक पडला नाही. वायर खराब असेल, दुसरी आणली. फरक पडला नाही. मग मी माझ्या आवडत्या कारणाकडे वळले. संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेतो; डबी एका वेगाने आणि ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम दुसऱ्याच वेगाने घेत असेल तर आवाज बिघडू शकतो. हे कारण मला आवडले, कारण ते मला समजत होते आणि घरात दुसऱ्या कोणाला समजत नव्हते. त्यात मी दोन दिवस घालवले. डबीतून आवाज येतच नव्हता, ही साधी गोष्ट त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आली नाही.

तिसऱ्या दिवशी मावशीचा पुन्हा फोन आला. मी ‘काम सुरू आहे’ म्हटले. ‘‘सुरू हाय म्हणजे झालं नाही,’’ ती म्हणाली. तिने आयुष्यभर गृहपाठ तपासले आहेत.

शनिवारी बाबांना सुट्टी होती. ते चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले.

‘‘काहून उगाच माथा फोडून राहिली?’’

‘‘नमुन्यांचा वेग जुळत नाहीये, बाबा.’’

‘‘वेग राहू दे. मधात तोडून पाहिलं का?’’

‘‘बाबा, हा तुमचा कारखान्यातला पट्टा नाही.’’

‘‘मंग काय आहे? इकडून माल जाते, तिकडून निघते. निघते तो खराब निघून राहिला.’’ त्यांनी कप माझ्या कागदावर, बरोबर कारणांच्या यादीवर ठेवला. ‘‘आमच्याकडं लाइन बिघडली का मी मोटारीपासून सुरू नाही करत. शेवटापासून नाही करत. सरळ मधात जाऊन उभा राहतो. मधात माल चांगला असन तर दोष पुढं, खराब असन तर मागं. एका फटक्यात अर्धी लाइन सुटते. तुमच्या कॉलेजात हे शिकवत नाही का?’’

शिकवतात. अधिक भारदस्त नावाने शिकवतात, आणि मी त्यावर परीक्षेत पूर्ण गुण मिळवले आहेत.  मी कॅसेटच्या यंत्रातून वायर काढली आणि तिचे तेच टोक, एक छोटी जोडपिन लावून, बाबांच्या जुन्या मोबाइलला जोडले. त्यावर त्यांनी रोजच्या सवयीचे एक भजन लावले. संगणकाच्या स्पीकरमधून ते भजन डब्यातल्या खड्यांसारखे बाहेर आले.

‘‘झालं,’’ बाबा म्हणाले. ‘‘कॅसेट सुटली. मशीन सुटलं. आता तुह्याच संगणकात पाय.’’

आता मी पाहिले, आणि या वेळी ऐकण्याऐवजी आवाजाचा आलेख मोठा करून पाहिला. निरोगी आवाजाचा आलेख टेकड्यांसारखा असतो. प्रत्येक टेकडीची उंची निराळी. माझ्या टेकड्यांचे माथे एका रेषेत कापलेले होते, जणू कोणी त्यांवरून पट्टी फिरवली होती. आवाज संगणकाला पेलवत नव्हता, इतका तो मोठा होऊन आत येत होता. मोठा कोण करत होते, हे शोधायला मी त्या गुलाबी भोकाची सेटिंग उघडली. ते भोक माइकचे असते. माइकचा इवलासा आवाज वाढवण्याची सोय त्यात असते. ती सोय शेवटच्या टोकापर्यंत ओढलेली होती.

ओढणारी मी होते. मे महिन्यात एका संस्थेने माझी ऑनलाइन मुलाखत घेतली होती. त्या दुपारी खोलीतला कूलर बंद करणे माणुसकीला धरून नव्हते, म्हणून माझा आवाज कूलरच्या वर जावा यासाठी मी माइक पूर्ण वाढवला होता. कूलरचा आवाजही त्याबरोबर वाढणार, हे पदार्थविज्ञानाच्या पदवीधर मुलीला सुचले नाही. मुलाखतीतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने शेवटी सौम्यपणे विचारले होते, ‘‘तुम्ही धबधब्याशेजारी राहता का?’’ निवड झाली नाही. मी ती गोष्ट विसरले, संगणक विसरला नव्हता.

संगणकाच्या मागच्या बाजूला निळे भोक असते. ते अशाच यंत्रांच्या भरदार आवाजासाठी असते आणि काहीही वाढवत नाही. मी टेबल भिंतीपासून ओढले, वायर निळ्या भोकात लावली. भजन स्वच्छ आले. बाबांनी दोन्ही हात जोडले, भजनाला की मला, ते कळले नाही.

रविवारी मावशी खरेदीच्या निमित्ताने सावनेरहून बसने आली. हातातल्या पिशव्या दारातच सोडून ती संगणकासमोर बसली. आई तिच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी राहिली. मी मुद्दाम आधी काही ऐकले नव्हते. पहिला मान तिचा.

पहिले कडवे निघाले. अक्षर न् अक्षर कळत होते. मावशीचा तेव्हाचा आवाज आतापेक्षा पातळ आणि बराच आत्मविश्वासाचा होता. दुसरे झाले. तिसरे सुरू झाले तशी मावशीने पेन उघडले. पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. मग पडद्यावरच्या हिरव्या साडीतल्या बाईने मोठा श्वास घेतला, डोळे मिटले आणि गायले: ‘‘आ… हां हां आ… आ हां…’’ सगळे चालीत, मात्रेत, जरासुद्धा न डगमगता. पाहुण्यांना वाटले की संपले. अक्षतांचा एक दमदार सडा पडला, आणि त्या गोंधळात ती शांतपणे ‘कुर्यात् सदा मंगलम्’वर येऊन पोचली.

मावशीचे पेन कागदावर दुसऱ्या ओळीखालीच टेकलेले राहिले.

‘‘अगं बाई,’’ आई म्हणाली, ‘‘तू तर तेव्हाच विसरली होतीस.’’

‘‘मंग मामाचे डोळे कायनं भरून आले होते?’’ मावशी म्हणाली.

‘‘आचाऱ्याच्या चुलीच्या धुरानं, ताई,’’ दारातून बाबा म्हणाले. ‘‘ते माह्याच बाजूले उभे होते.’’

 मावशी अशी हसू लागली की पेन तिच्या हातातून टेबलाखाली गेले. मी मात्र हसू शकले नाही. पाच दिवस खपून मी जो आवाज सोडवून आणला होता त्यात हवी ती माहिती मुळात नव्हतीच, आणि चार दिवसांवर लग्न होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नणंदच होती, मावशीने स्पीकर लावला.

‘‘काय वं वहिनी, भेटलं का तिसरं कडवं? मंडपवाल्याले पेनड्राइव्ह द्याचा का नाही?’’

मावशीने आमच्याकडे पाहिले. ‘‘भेटलं जी, अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘एकच ओळ लिहाची राहिली.’’

फोन ठेवून तिने कागद माझ्यापुढे सरकवला. ‘‘तू गणिताची. मोजून दे. ओळीत एकोणीस अक्षरं, बारावर थांबते.’’

मी लघु-गुरूच्या खुणा एकाखाली एक मांडल्या आणि मावशी त्यांत शब्द बसवू लागली. लेकीच्या सुखाची एक ओळ केली, ती एका अक्षराने लंगडी निघाली. दोन्ही घराण्यांच्या गुणांची केली. ती वृत्तात बसली, पण तिनेच खोडली. ‘‘हे तर कोनाच्याही लग्नात चालन,’’ ती म्हणाली. आईने मध्येच चिवडा आणून ठेवला. मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग एका दमात लिहून गेली:

आई गात असे मुलीस बघुनी, पाणी न डोळ्यांत ये

मी खुणा लावून पाहिल्या. एकोणीस. बारावर थांबा. एकही अक्षर इकडेतिकडे नाही. मी तसे सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘ते माहीत हाय मले. ओळ कशी हाय ते सांग.’’ आईने ती वाचली आणि चिवड्याची ताटली बहिणीकडे सरकवली.

लग्नात मावशी माइकपाशी उभी राहिली तेव्हा पाहुण्यांत थोडी कुजबुज झाली. तांब्या तुळशीपाशी भरून ठेवलेला होता आणि तिथे कोणीच नव्हते. थोरल्या नणंदेने एकदा तांब्याकडे पाहिले, एकदा वहिनीकडे. मग पदर खोचून त्या पहिल्या रांगेतून उठल्या. ‘‘गा तू,’’ जाताजाता त्या म्हणाल्या, ‘‘पाणी मी घालतो.’’

मावशी मुलीकडे बघत गायली. तिसऱ्या ओळीशी तिचा सूर जरा जाड झाला; डोळ्यांचे मी सांगणार नाही, ओळ मात्र पूर्ण झाली.

अक्षता पडून वाजंत्री थांबली तशा नणंदबाई रिकामा तांब्या घेऊन परतल्या. मी फोनवर सगळे ध्वनिमुद्रित केले होते, आवाजाची पातळी नीट बघून.

‘‘तिसरं काही आयकू नाही आलं तिकडं,’’ त्या मावशीला म्हणाल्या. ‘‘काय केलं होतं त्यात?’’

मी फोन पुढे केला. मावशीने माझा हात बाजूला सारला, नणंदेला शेजारच्या खुर्चीवर बसवले आणि त्यांच्या कानाशी वाकून ती ओळ पुन्हा म्हणू लागली.